रेकॉर्ड स्टोअर डे: यादीपासून सुईपर्यंत

रेकॉर्ड स्टोअर डे म्हणजे स्वतंत्र रेकॉर्ड दुकानांत तबकड्यांच्या (व्हिनाइल रेकॉर्डच्या) खास, मोजक्या प्रतींच्या आवृत्त्या विकायला येतात तो दिवस. त्या दिवशी पहाटे चारला नंबर लावायचा, आठला दार उघडताच आत शिरायचं आणि काउंटरवर ऐकायचं, "ती तबकडी आमच्याकडे आलीच नाही." हे दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या वाट्याला येतं. चूक रांगेत झालेली नसते, ती फेब्रुवारीतच झालेली असते. या दिवसाची निम्मी खरेदी दुकानदाराच्या ऑर्डरच्या कागदावर आधीच होऊन जाते. तेव्हा तयारी दोन महिने आधीपासून.

थोडी पार्श्वभूमी. २००७ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला स्वतंत्र रेकॉर्ड दुकानदार जमले होते, तिथे ही कल्पना पुढे आली. पहिला रेकॉर्ड स्टोअर डे १९ एप्रिल २००८ ला झाला. अमेरिकेतल्या व्याख्येनुसार दुकान खरोखरचं, दार असलेलं हवं, निदान ५० टक्के माल संगीताचा हवा, कंपनी शेअर बाजारात नोंदलेली नसावी आणि ७० टक्के मालकी त्याच राज्यातली असावी. थोडक्यात, मॉलमधल्या साखळी दुकानांना प्रवेश नाही. आज अमेरिकेत सुमारे १,४०० आणि ब्रिटनमध्ये अडीचशेहून जास्त दुकानं भाग घेतात.

तारीख दरवर्षी नव्याने बघावी. शनिवार आणि एप्रिल एवढंच सहसा पक्कं असतं. २०२३ मध्ये तो २२ तारखेला होता, २०२४ मध्ये २० ला, २०२५ मध्ये १२ ला. कोविडच्या वर्षी, २०२०ला, ऑगस्ट, सप्टेंबर आणि ऑक्टोबर असे तीन हप्ते करावे लागले होते. नोव्हेंबरात ब्लॅक फ्रायडेलाही छोटी यादी निघते, पण ती मुख्यतः अमेरिकेपुरती.

यादी कशी वाचायची

त्या दिवशी निघणाऱ्या तबकड्यांची यादी साधारण फेब्रुवारीत जाहीर होते. ब्रिटन आणि अमेरिकेच्या याद्या वेगळ्या असतात. बरीच नावं दोन्हीकडे असतात, पण काही एकाच देशात मिळतात. भाचा लेस्टरला असेल तर त्याला न्यू जर्सीची यादी पाठवून उपयोग नाही. ही चूक फार सर्रास होते.

अमेरिकेच्या यादीत प्रत्येक तबकडीपुढे तिचा प्रकार लिहिलेला असतो, आणि सगळ्यात जास्त पैसे वाचतात ते इथेच. 'एक्स्क्लुझिव्ह' म्हणजे ती आवृत्ती फक्त भाग घेणाऱ्या दुकानांतच मिळणार. 'फर्स्ट' म्हणजे आज या दुकानांत, पुढे काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी इतरत्रही येऊ शकते. 'लिमिटेड रन किंवा रीजनल फोकस' म्हणजे हजाराहून कमी प्रती किंवा एखाद्या प्रदेशापुरती तबकडी. 'फर्स्ट'साठी पहाटे कुडकुडण्यात फारसा अर्थ नाही. बऱ्याचदा तेच संगीत पुढे साध्या काळ्या रंगात येतं आणि स्वस्तही पडतं.

प्रतींचा आकडाही बघा. देशभरात १,००० प्रती आणि दुकानं १,४००, म्हणजे कित्येक दुकानांत एकही पोचणार नाही हा साधा भागाकार आहे. आकडा ८,०००–१०,००० असेल तर घाई नको. दुपारी जेवून गेलात तरी मिळण्याची शक्यता आहे.

नंतर प्रत्येक नावाला एक प्रश्न विचारा: हे ध्वनिमुद्रण आधी कुठे मिळतं का? कधीच न निघालेली मैफल, रद्द झालेला अल्बम, किंवा ज्याची जुनी प्रत आता परवडत नाही असं काही असेल तर ते वरच्या रांगेत. जुनाच अल्बम जांभळ्या रंगात आला असेल तर खालच्या. जुन्या बाजारात त्याची साधी प्रत निम्म्या किमतीत पडून असते आणि वाजते तेवढीच चांगली, कधीकधी जास्तच चांगली.

आकार आणि वेगही टिपून ठेवा. बारा इंची तबकडी म्हणजे एलपीच (मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची, अख्ख्या अल्बमची तबकडी) असं नाही. चार गाण्यांची, मिनिटाला ४५ फेऱ्यांची बारा इंचीही असते आणि किंमत जवळपास तीच. सात इंचीला मधोमध ३८ मिलिमीटरचं मोठं भोक असेल तर वेगळा अडॅप्टर लागतो, तो आत्ताच मागवा.

शेवटी तुमच्या यादीत तीन नावं 'हवीच' अशी राहिली पाहिजेत, पाच 'मिळाली तर' अशी. वीस नावांची यादी घेऊन गेलेला माणूस रांगेत गोंधळतो आणि घरी नको ते घेऊन येतो.

दुकानदाराशी बोलणं

ब्रिटनमध्ये नियम स्पष्ट आहेत: माल राखून ठेवायचा नाही, आधी विकायचा नाही, एका माणसाला एका शीर्षकाची एकच प्रत. तरीही यादी जाहीर झाली की पहिल्या आठवड्यातच आपल्या दुकानात जाऊन तीन नावं सांगावीत. कारण असं की हा माल बहुतेक वेळा न परतीच्या अटीवर येतो. उरला तर तो दुकानदाराच्या गळ्यात. म्हणून अनोळखी नाव दिसलं की तो एकही प्रत मागवत नाही. तेच नाव तीन गिऱ्हाइकांनी घेतलं की तो चार मागवतो. त्यात तुमची प्रत राखलेली नसते, पण दुकानात असण्याची शक्यता शून्यावरून बरीच वर जाते.

मागवलेलं सगळं येतंच असंही नाही. लेबल (रेकॉर्ड कंपनी) आणि वितरक वाटप करतात. पाच मागितल्या, दोन आल्या, हे नेहमीचं. दिवसाच्या दोन-तीन दिवस आधी बरीच दुकानं आपल्याकडे काय आलंय ते जाहीर करतात. ते वाचूनच कुठल्या दुकानासमोर उभं राहायचं ते ठरवा. 'किती आल्या?' हेही विचारायला हरकत नाही. काही सांगतात, काही नुसते हसतात.

दुकान निवडताना मोठ्या नावाला भुलू नये. लंडनमध्ये ब्रिक लेनचं रफ ट्रेड ईस्ट किंवा बर्विक स्ट्रीटवरची दुकानं यांच्याकडे माल जास्त येतो, पण माणसंही शेकड्यांनी येतात. बर्विक स्ट्रीटवर तर रस्त्यातच वाद्यवृंद वाजतात. जत्रेची हौस असेल तर तिथे जा. तबकडीच हवी असेल तर गावाबाहेरचं, कमी गर्दीचं दुकान बरं. कार्डिफचं स्पिलर्स १८९४ पासून चालू आहे. जगातलं सगळ्यात जुनं रेकॉर्ड दुकान म्हणून ते ओळखलं जातं आणि त्यासाठी तिथे जाणं वेगळं.

पहाट

एप्रिलच्या मध्यात लंडनला उजाडतं सहाच्या सुमाराला, आणि पारा बऱ्याचदा ५–७ अंशांवर असतो. मुंबईहून गेलेल्या पाहुण्याने हे गंभीरपणे घ्यावं. दोन जोड मोजे, कानटोपी, थर्मासमध्ये चहा, घडीची छोटी खुर्ची. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, रांगेत छत्रीचं पाणी शेजारच्याच्या अंगावर गळतं. शौचालय कुठे आहे ते आदल्या दिवशी बघून ठेवा. पहाटे पाचला उघडं कॅफे सापडत नाही.

बरोबर एक मजबूत कापडी पिशवी न्यावी, तळ सपाट आणि रुंदी ३३ सेंटिमीटरच्या वर. एलपीचं कव्हर साधारण ३१.५ सेंटिमीटरचं असतं. अरुंद पिशवीत तिरकं कोंबलं की कोपरा दबतो, आणि दबलेला कोपरा पुन्हा सरळ होत नाही. पिशवीत दोन्ही बाजूंना पुठ्ठा सरकवून ठेवा.

रांगेचे प्रकार दोन. काही दुकानांत कर्मचारी वहीचा कागद घेऊन रांगेतून फिरतात, तुमची यादी लिहून घेतात आणि माल काउंटरमागून देतात. इथे आधी कलाकार, मग शीर्षक, मग आकार असं ठसठशीत लिहिलेलं चिठोरं हातात असावं. मोबाइलवर स्क्रीनशॉट शोधत बसलात तर मागचे गुरगुरतात. दुसऱ्या प्रकारात माल खोक्यांत अकारविल्हे लावलेला असतो आणि पाच-दहा माणसांना एका वेळी आत सोडतात. आत गेल्यावर आधी 'हवीच'मधली पहिली तबकडी उचला. मग दुसरी. चाळत बसायला दुपार आहे.

"माझा मित्र येतोय" म्हणून जागा धरू नये. एका माणसाला एकच प्रत हा नियमही माणसागणिकच लागतो. दोन प्रती हव्या असतील तर दोन माणसं रांगेत उभी हवीत.

काउंटरवरचं अर्धं मिनिट

पैसे देण्याआधी सीलबंद कव्हर आडवं धरून डोळ्याच्या पातळीवर आणा. कडेला बाक दिसला तर दुसरी प्रत मागा, असली तर. प्लास्टिक फार ताणून गुंडाळलं असेल तर आतली तबकडी वाकलेली असू शकते. कव्हरच्या वरच्या आणि खालच्या शिवणीवर बोट फिरवा. वाहतुकीत जड तबकडी आतून आपटते आणि शिवण उसवते. ही बारीक बाब आहे, संगीताला काही होत नाही. पण पुढे विकायची असेल तर किंमत उतरते.

ब्रिटनमध्ये नव्या एलपीची किंमत साधारण २५ ते ४० पौंडांच्या घरात, दुहेरी असेल तर आणखी. पावती जपून ठेवा. कन्झ्युमर राइट्स ॲक्ट २०१५ नुसार सदोष माल ३० दिवसांत परत करून पैसे मागता येतात. बदली प्रत मिळेलच असं नाही, कारण दुकानात ती संपलेली असते. म्हणून परत करायची तर त्याच आठवड्यात.

घरी: पहिली फेरी

प्लास्टिकचं वेष्टण उघड्या बाजूने ब्लेडऐवजी नखाने फाडा आणि पूर्ण काढून टाका. आठवण म्हणून ठेवलेलं वेष्टण वर्षानुवर्षं आकसत जातं आणि तबकडी वाकवतं. त्यावरचं स्टिकर हवं असेल तर ते कापून कव्हरच्या आत टाका.

तबकडी कडेला आणि मधल्या कागदी चकतीला धरून बाहेर काढा, खिडकीशी न्या आणि तिरकी करा. गुळगुळीत काळ्या रंगावर एकसारखी चमक फिरली पाहिजे. मध्येच राखाडी, बारीक ठिपक्यांचा पट्टा दिसला तर तो साच्यात प्लास्टिक नीट न भरल्याचा दोष. छपाईच्या वेळी उष्णता किंवा दाब कमी पडला की खाचेच्या भिंती अर्धवट राहतात. वाजवताना तिथे चेन ओढल्यासारखा चर्रर्र आवाज येतो. धुऊन तो जात नाही. परत करा.

गाणी संपतात त्यानंतरच्या कोऱ्या पट्ट्यात काही अक्षरं कोरलेली असतात, ती टिपून ठेवा. छपाई कुठली आणि कितवी हे त्यावरून कळतं. बाजारात तुमची प्रत नेमकी कोणती हे ठरवायलाही तीच अक्षरं कामाला येतात.

आता वाजवताना. आवाज जाड, गायक झोपेत असल्यासारखा वाटला तर घाबरू नका, बारा इंची ४५ची तबकडी ३३⅓वर लावली आहे. यामुळे चांगल्या तबकड्या दुकानात परत गेल्या आहेत.

खट्ट असा आवाज ठरावीक वेळाने येत असेल तर घड्याळ लावा. ३३⅓च्या तबकडीची एक फेरी १.८ सेकंदांत होते, ४५ची १.३३ सेकंदांत. त्याच अंतराने आवाज येत असेल तर दोष तबकडीत आहे: ओरखडा, फुगवटा किंवा बाक. कधीही, कसाही येत असेल तर स्थिर वीज किंवा धूळ. दुसऱ्या गटातलं काही परत करण्याजोगं नसतं, ते धुतल्यावर जातं.

सूर लाटांसारखा वरखाली होत असेल तर वरून बघा. सुईचा दांडा प्रत्येक फेरीला डावीउजवीकडे झुलत असेल तर भोक मध्यबिंदूपासून सरकलेलं आहे. वरखाली उचलला जात असेल तर बाक आहे. पियानो किंवा सतारीच्या लांब सुरावर सरकलेलं भोक लगेच कानाला खुपतं, ढोल-ताशांच्या गोंगाटात कळतही नाही. त्यामुळे तपासायला संथ तुकडा निवडा.

सुई उडी मारते म्हणून तबकडीला दोष देण्याआधी प्लेअर बघा. सुटकेससारख्या स्वस्त प्लेअरमध्ये सुईचा भार ४–५ ग्रॅमपर्यंत असतो, तरीही हलका प्लास्टिकचा दांडा खोल खर्जाच्या खाचेतून उडतो. बऱ्या प्लेअरवर बहुतेक मूव्हिंग मॅग्नेट काडतुसांना (काडतूस म्हणजे दांड्याच्या टोकाचा, सुई बसवलेला भाग; मूव्हिंग मॅग्नेट हा त्याचा एक प्रकार) १.५ ते २ ग्रॅम भार लागतो. नेमका आकडा काडतुसाच्या कागदावर असतो, आणि तीनशे-चारशे रुपयांचा डिजिटल वजनकाटा तो मोजायला पुरतो. भार कमी ठेवला म्हणजे तबकडी जपली जाते, असं समजू नये. हलकी सुई खाचेत उसळते आणि भिंती खरवडते.

रंगीत तबकड्या आजकाल काळ्याइतक्याच चांगल्या वाजतात. चित्र छापलेल्या तबकडीचं मात्र तसं नाही. तिच्यात कागदाच्या चित्रावर पातळ पारदर्शक थर असतो, खाच त्या थरात असते, आणि सूं असा पार्श्वध्वनी येतोच. अंधारात चमकणारी आणि चमकी मिसळलेली तबकडीही जरा कुरकुर करते. अशी वस्तू भिंतीवर टांगायला घ्यावी, ऐकायला दुसरी. १८० ग्रॅम वजनाचंही फार कौतुक करू नये. जाड तबकडी हातात भारदस्त वाटते, पण आवाज ठरतो तो मूळ ध्वनिमुद्रण, कोरणी आणि छपाई यांवर.

धुणं आणि ठेवणं

नवीकोरी तबकडीही धुवावी, कारण आतल्या कागदी पिशवीची लव तिला चिकटलेली असते. ८०० मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात २०० मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि फोटोफिल्म धुताना वापरतात त्या वेटिंग एजंटचे दोन-तीन थेंब. भांडी घासायचा साबण नको, त्याचा थर खाचेत बसतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळतं ते सीलबंद पाणी या कामाला चालतं. नळाचं चालत नाही, त्यातले क्षार वाळून खाचेत राहतात आणि नंतर करकर वाजतात. मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने, गोल फिरत पुसा, मधला कागद कोरडा ठेवा, मग मायक्रोफायबरने टिपून रॅकमध्ये उभी वाळवा.

हे मिश्रण आजोबांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांना मुळीच लावू नये. त्या लाखेच्या असतात आणि अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. एका पुसण्यात अख्खं गाणं जातं.

आतल्या कागदी पिशवीच्या जागी पॉलिथिनचं अस्तर असलेली पिशवी घाला. बाहेरून पॉलिप्रॉपिलिनचं कव्हर, पण मऊ, वास येणारं पीव्हीसी नको. त्यातलं रसायन काही वर्षांत तबकडीवर ढगासारखा डाग पाडतं. तबकड्या उभ्या ठेवा, सरळ, ना झुकलेल्या ना कोंबलेल्या. एकावर एक रचल्या की खालच्यांवर भार येतो आणि त्या वाकतात.

कोकणात, गोव्यात आणि मुंबईत खरा शत्रू जून ते सप्टेंबर. कव्हरवर पांढरी बुरशी आली की आतही शिरते. रॅक भिंतीपासून चार-पाच सेंटिमीटर पुढे, जमिनीपासून वर, आणि कपाटात सिलिका जेल. त्याचे दाणे रंग बदलले की ओव्हनमध्ये वाळवून पुन्हा ठेवा. एप्रिल-मेच्या उन्हात तबकडी गाडीत ठेवून जेवायला जाणं म्हणजे तिचा पापड करणं आहे. काचा बंद असलेल्या गाडीत तिला मऊ पडायला वेळ लागत नाही.

भारतात आणायची तर

सगळ्यात सुरक्षित जागा म्हणजे केबिन बॅग. ३१.५ सेंटिमीटरचं कव्हर नेहमीच्या केबिन बॅगेत बसतं, अडचण वजनाची येते. कव्हरसकट दहा तबकड्या तीन-साडेतीन किलो भरतात, आणि बऱ्याच विमान कंपन्यांची मर्यादा ७ किलोच आहे. मोठ्या बॅगेत टाकायच्याच असतील तर तबकडी आतल्या पिशवीसकट कव्हरबाहेर काढून कव्हरच्या पाठीमागे नुसती टेकवून ठेवा, म्हणजे शिवण उसवत नाही. दोन्ही बाजूंना ३३ सेंटिमीटरचे पुठ्ठे, दोन्ही पुठ्ठ्यांच्या आतल्या नागमोडी नळ्या एकमेकींना आडव्या, आणि हे सगळं कपड्यांच्या मधोमध. पोस्टाने मागवताना विकणाऱ्यालाही हेच सांगा. सील उघडावं लागेल हे मात्र आधी मान्य करा. शिवाय सीमाशुल्क, कर आणि कुरिअरची हाताळणी धरून हिशेब करा, नाहीतर दारात कुरिअरवाल्याशी वाद होतो.

मुंबईत माहीमच्या द रिव्हॉल्वर क्लब या रेकॉर्ड दुकानाने हा दिवस साजरा केला आहे. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस २०१६ मध्ये बंद झाल्यावर दुकानात उभं राहून नव्या तबकड्या चाळायच्या जागा शहरात मोजक्याच उरल्या. विशेष आवृत्त्या इथे पोचतात त्या उशिरा, कमी आणि महाग. त्यामुळे इथल्या दुकानात त्या दिवशी जायचं ते जुन्या मालासाठी.

परदेशातल्या दुकानांतही जुन्या मालाची खोकी विसरू नका. सगळे नव्या यादीमागे धावत असताना 'वर्ल्ड म्युझिक'च्या खोक्यात रविशंकरांच्या, वर्ल्ड पॅसिफिक या लेबलच्या एलपी निवांत पडलेल्या असतात. एचएमव्हीच्या भारतीय तबकडीवर क्रमांकाआधी 'ईएएसडी' किंवा 'ईसीएसडी' असेल तर ती स्टीरिओ, 'ईएएलपी' असेल तर मोनो.

राहून गेलेलं

ब्रिटनमध्ये उरलेला माल अलीकडच्या वर्षांत सोमवारी रात्री ८ पासून दुकानांच्या संकेतस्थळांवर विक्रीला येतो. त्याआधी, शनिवारी दुपारपासूनच, जुन्या बाजारात दुप्पट-तिप्पट किमती झळकू लागतात. त्या देऊ नका. रांगेतून उचलून लगेच विकणाऱ्यांचा माल पहिल्या आठवड्यात सगळ्यात महाग असतो. जास्त प्रतींच्या तबकड्यांचे भाव पुढे बऱ्याचदा उतरतात, काही तर वर्षभराने दुकानातच सवलतीच्या खोक्यात सापडतात. सोमवारी रात्री पावणेआठला चार-पाच दुकानांची पानं उघडून, खातं आणि पत्ता आधीच भरून बसा. आठ वाजून पाच मिनिटांनी बहुतेक निकाल लागलेला असतो. एखादी राहिलीच तर मंगळवारी दुकानात फोन करा. रांगेतल्या कुणीतरी घेतलेली, घरी नेऊन ४५ची म्हणून ओळखू न आलेली आणि 'सदोष' म्हणून परत केलेली एखादी प्रत तोवर काउंटरवर येऊन पडलेली असते.